गिटार निवडायची तर पाठ फिरवून ऐक

रोझवुड लाकडाचा आवाज उबदार, मेपल लाकडाचा खणखणीत, असं दुकानात ऐकवतील. नुसत्या त्या शब्दांवर जास्तीचे पैसे मोजू नकोस. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगात 6 अकूस्टिक गिटार होत्या, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूच्या लाकडाचा. 52 वादकांनी अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या. गुण जवळपास सारखेच पडले! पुढची फळी मात्र नीट बघ; प्लायवुडपेक्षा अख्ख्या लाकडाची बरी. तारा नव्या आहेत ना, तेही विचार. जुन्या तारांवर उत्तम गिटारही मंद वाटते. मग पाठ फिरवून बस आणि मित्राला एकच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आधी ब्रिजजवळ, म्हणजे तारा फळीवर अडकवलेल्या पट्टीजवळ, नंतर साउंडहोलवर, म्हणजे फळीतल्या गोल भोकावर छेडायला सांग. पहिला आवाज टोकदार, दुसरा गोल. गिटार तीच, नुसता हात सरकला.