पन्नाशीनंतर त्वचा कोरडी, सैल का पडते? काय करावं?

तेलग्रंथी मंदावतात म्हणून कोरडेपणा आणि खाज. कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) घटतं म्हणून सैलपणा. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर पहिल्या 5 वर्षांत सुमारे 30 टक्के कोलॅजेन कमी होतं, त्यामुळे बदल एकदम जाणवतो.

पण सुरकुत्या आणि डागांचं खापर नुसतं वयावर फोडू नका, खरा गुन्हेगार बहुतेकदा ऊन असतं. दंडाची आतली, झाकलेली बाजू आणि उन्हात राहणारी पंजाची वरची बाजू यांची तुलना करून बघा. वय दोन्हींचं एकच ना! फरक उन्हाचा. म्हणून महागड्या क्रीमआधी रोज एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचं माप) 30 चं सनस्क्रीन. अंघोळ कोमट पाण्याने लवकर उरका, अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावा. तीळ रंग-आकार बदलत असेल किंवा जखम भरतच नसेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.