आधी वायर, मग लॅडर

चि. पोरी,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, क्लासमध्ये सिम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवरच्या नकली पीएलसीत) पळणारा प्रोग्रॅम किटवर टाकला की मोटर सुरूच होत नाही, शेजारच्या पोरांची झाली आणि तुझी नाही, म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडायचा म्हणतेस. आणि त्याच दमात विचारतेस, सीमेन्स कंपनीचा पीएलसी शिकू की डेल्टाचा. हा दुसरा प्रश्न मी वाचलाच नाही असं समज.

मोटरचं बघू. लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, तू स्टार्ट एनओ (एरवी उघडा) काढलास, स्टॉप एनसी (एरवी बंद, म्हणजे जोडलेला), खाली होल्डिंगचा, स्टार्ट सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारा, कॉन्टॅक्ट. कागदावर छान दिसतं. पण किटवरचं स्टॉपचं लाल बटण मुळातच एनसी जोडलंय. कुणी हात लावला नाही तरी त्यातून २४ व्होल्ट इनपुटला येतात, पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा दिवा लागलेला असतो. पीएलसीच्या लेखी ते इनपुट १. आणि लॅडरमधला एनसी कॉन्टॅक्ट १ आलं की उघडतो. म्हणजे स्टॉप कायम दाबलेला आहे असं तूच लिहून ठेवलंयस, मग मोटर चालेल कशी? सिम्युलेटरला वायर नसते, तिथं सगळी इनपुट शून्यावर बसलेली असतात, म्हणून तिथं पळालं. स्टॉपला एनओ कॉन्टॅक्ट टाक, विषय संपला.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्याच ओळीवर, जी तू सहज लिहून गेलीस. शेजारच्या पोरांनी प्रोग्रॅमला हात न लावता बटणाची वायर एनसीवरून काढून एनओवर नेली. मोटर चालली, सगळे खूश. उद्या ती वायर टर्मिनलमधून निसटली किंवा उंदरानं कुरतडली, तर? लाल बटण दाबत बस, पीएलसीला पत्ताच लागणार नाही. एनसी असती तर वायर तुटल्या क्षणी मोटर थांबली असती. स्टॉप एनसी जोडतात तो एवढ्याचसाठी. त्यांची मोटर फिरली आणि ते चुकले. तुझी फिरली नाही, पण तुझं वायरिंग बरोबर होतं. हे तुला दिसलं नाही, कारण तू वायरकडे बघितलंच नाहीस.

आधी वायर, मग लॅडर. मल्टीमीटर लाव, बटण दाबून आणि सोडून बीप ऐक, कार्डावरचा दिवा बघ, वहीत लिही: न दाबता १, दाबल्यावर ०. प्रत्येक इनपुटचं असं झालं की मग लॅपटॉप उघड. आणि इमर्जन्सी स्टॉप फक्त प्रोग्रॅमच्या भरवशावर कधीच सोडायचा नाही. त्यानं कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा सप्लाय थेट वायरनंच तुटला पाहिजे.

लॅडर कुठून आलं ते तरी सांगितलंय का तुम्हाला? १९६८च्या सुमाराला अमेरिकेत जनरल मोटर्सला गाडीचं मॉडेल बदललं की रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) अख्ख्या पॅनेलचं वायरिंग उपसावं लागायचं. त्यावर डिक मोर्ले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ हा पीएलसी बनवला. प्रोग्रॅमचं रूप मात्र रिलेच्या ड्रॉइंगसारखंच ठेवलं, कारखान्यातल्या वायरमनला वाचता यावं म्हणून. लॅडर वायरच्या पोटातूनच आलंय, मग वायर न बघता ते कसं कळेल? राहिलं कंपनीचं. १९९३ला आयईसी ६११३१-३ हे स्टँडर्ड आलं, त्यानं पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या भाषा बऱ्यापैकी एका साच्यात बसवल्या. एका कंपनीवर हात बसला की दुसरी जड जात नाही. डेल्टाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढ्यासाठी डेल्टा घे. झालं उत्तर.

इथल्या, सोलापूरच्या, सूत रंगवणाऱ्या कारखान्यांत नेहमी दिसतं ते सांगतो. एचएमआयवर, म्हणजे मशीनच्या स्क्रीनवर, तापमान पाच-सहा डिग्री जास्त दाखवतं, रंगाची शेड बिघडते. मेंटेनन्सचा पोरगा प्रोग्रॅम उघडून ऑफसेट टाकतो, म्हणजे तेवढा आकडा वजा करून टाकतो. अरे, आधी टर्मिनल बघ! पीटी-१०० हा तापमानाचा सेन्सर शून्य डिग्रीला १०० ओहम देतो, आपल्या मे महिन्यातल्या ४० डिग्रीला साधारण ११५.५. डिग्रीमागे ०.४ ओहमसुद्धा फरक नाही. स्क्रू ढिला पडून दोन ओहम वाढले की पाच डिग्री जास्त दिसल्याच. स्क्रू आवळायचा सोडून ऑफसेट टाकला, तर पुढे कुणीतरी स्क्रू आवळतो आणि तापमान उलट्या बाजूला चुकतं. मग सगळे पीएलसीला शिव्या घालतात.

मी यापायी कामं घालवलीत, हे तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं असेलच. एका साखर कारखान्यात भर हंगामात सेंट्रिफ्युगलच्या (साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशीनच्या) झाकणाचा लिमिट स्विच मळीनं चिकटून सारखा ट्रिप देत होता. साहेब म्हणाले, प्रोग्रॅममध्ये बायपास कर. हजारावर आरपीएमनं फिरणारं भांडं, आणि झाकण उघडं की बंद हे मशीनला कळणार नाही! मी म्हटलं, तासभर द्या, स्विच बदलतो. तास मिळाला नाही. दुसऱ्यानं येऊन प्रोग्रॅममध्ये स्विचच्या जागी कायम चालू राहणारा बिट टाकला, म्हणजे मशीनला झाकण कायम बंदच वाटणार, पुढच्या हंगामाचं काम त्यालाच गेलं. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. बरोबरचे हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेले, आज त्यांच्या हाताखाली माणसं आहेत. मी अजून अक्कलकोट रोडला पॅनेलसमोर उकिडवा बसतो. पण मी लावलेलं इंटरलॉक, म्हणजे धोका असेल तर मशीन चालू न देणारी अट, मी स्वतः कधी काढलं नाही, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतोच.

खंत एकच आहे. मला असं किट कधी मिळालं नाही. मी शिकलो ते चालू मशीनवर, डोक्यावर सुपरवायझर ओरडत असताना. चुकायला जागा नव्हती आणि विचारायला माणूस नव्हता. तुझ्यापुढच्या किटवर फार तर फ्यूज जाईल, आणि तू म्हणतेस सोडते! उरलेला हप्ता भर. बँकेच्या परीक्षेचं तुझ्या वडिलांनी काढलंय ना, त्यांच्याशी मी बोलतो.

उद्या क्लासमध्ये सरांना सांगून किटच्या सगळ्या वायरी काढ आणि पहिल्यापासून तूच जोड, फेरूल आणि नंबरासकट. प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की कळवणारा) पीएनपी आहे की एनपीएन, त्यावर त्याची जोडणी ठरते, ते त्याच्या अंगावर वाच, शेजाऱ्याला विचारू नकोस. रविवारी दहा वाजता एका डाइंगचं पॅनेल उघडायचंय, तिकडे ये. बंद बूट घाल, हातातलं कडं काढून ठेव, ओढणी नको. मल्टीमीटर तुझा आण, माझा मिळणार नाही.

काका