दोन वर्षं हात न लावलेली पॅकेजेस एकदम अपग्रेड करावीत का?

एकदम नको. ही पॅकेजेस म्हणजे ॲपने वापरलेला इतरांचा तयार कोड. सगळं एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) वर नेलंत आणि ॲप कोसळलं, तर नेमकं कोणत्या पॅकेजमुळे, हे शोधण्यातच दिवस जातील.

नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं पॅकेजेस बसवणारं साधन एनपीएम धरून सांगतो. आधी लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, आहे ना, ते बघा. नसेल तर आजच टाका, बाकी सगळं नंतर. सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर) 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा. ते लॉकफाइलमधल्याच आवृत्त्या बसवतं आणि पॅकेज-जेसनशी (कोणती पॅकेजेस हवीत ते सांगणाऱ्या फाइलशी) मेळ बसला नाही तर तिथेच थांबतं.

मग 'एनपीएम आउटडेटेड' चालवा, मागे पडलेल्या पॅकेजेसची यादी मिळते. त्यातल्या 'वाँटेड' रकान्यापर्यंतचे (पॅकेज-जेसनमधल्या मर्यादेत बसणाऱ्या सर्वांत नव्या आवृत्तीपर्यंतचे) बदल सहसा एका पीआरमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) चालून जातात. मेजर बदलांना (आवृत्तीचा पहिला आकडा बदलतो त्यांना) मात्र प्रत्येकी वेगळा पीआर, आणि चेंजलॉग (काय बदललं त्याची यादी) वाचल्याशिवाय मर्ज नाही. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात: '^१.४.२' म्हणजे २.०.० च्या खालचं पुढचं काहीही चालेल, पण '^०.४.२' फक्त ०.४ च्या मालिकेतच राहतं. त्यामुळे शून्याने सुरू होणारी पॅकेजेस गुपचूप मागे पडतात. ती हातानेच वर न्यावी लागतात.

सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करणाऱ्या 'एनपीएम ऑडिट फिक्स'ला 'फोर्स' जोडू नका, कळकळीने सांगतो. ते न विचारता मेजर उडी मारू शकतं. त्रुटी बहुधा तुम्ही थेट न घेतलेल्या पॅकेजमध्ये असते. 'एनपीएम एलएस' आणि त्याचं नाव दिलंत की ते कोणामार्फत आत आलं ते कळतं. अपग्रेड करायचं ते त्या मधल्या पॅकेजचं.

टेस्ट नसतील तर निदान लॉगिन आणि मुख्य फॉर्म एवढ्यांच्या टेस्ट आधी लिहा.