आजीची लाखेची भातुकली: घासून रंगवू नका, आणि पावसाळ्यात तर नाहीच

तुमचा प्रश्न असा: बडोद्याच्या घरी माळ्यावर आजीची लाकडी भातुकली सापडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, तो कागद ठिकठिकाणी चिकटलाय. दोन डब्यांची झाकणं बसत नाहीत, जात्याचा खुंटा तुटलाय, लाल रंगाचे टवके उडालेत. भाद्रपदात गौरीपुढे मांडायचीय, तर पॉलिश पेपरने घासून ऑइलपेंट द्यावा का?

नका देऊ. आणि घासूही नका. अशा भातुकलीचा रंग बहुधा कुंचल्याने दिलेला नसतो. कातारी, तुमच्या बाजूला ज्यांना खरादी म्हणतात, लाकूड कातावर (लेथवर) फिरतं ठेवून त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर चढते. रंग आणि चकाकी हा एकच थर असतो. तो घासून काढलात तर घरी हाताने पुन्हा तसा चढवता येत नाही. दुसरं कारण तब्येतीचं आहे. जुन्या रंगांत हरताळ, शेंदूर, हिंगूळ असू शकतात, म्हणजे आर्सेनिक, शिसं आणि पारा. ती धूळ घरात उडता कामा नये, आणि ही भांडी लहान मुलांच्या तोंडातही जाता कामा नयेत.

लाखच आहे ना, ते आधी तपासा. भांडं उलटं करून बुडाशी कान कोरायच्या कापसाच्या काडीने डिनेचर्ड स्पिरिटचा एक थेंब लावा. काही सेकंदांत जागा चिकट झाली आणि काडीला रंग आला तर लाख. काहीच झालं नाही तर ऑइलपेंट किंवा इनॅमल. मागे कुणीतरी लाखेवरच रंग फासलेला असू शकतो. लाख निघाली तर स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, थिनर यांतलं काही जवळ आणू नका. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने भांडं उचललं तरी बोटांचे ठसे उमटतात. सोडा आणि कपड्यांचा साबणही नको, कारण क्षारात लाख विरघळते.

चिकटलेला कागद ओढून काढायचा नाही, त्याबरोबर लाखेची खपली येते. माळ्यावर उन्हाळ्यात लाख थोडी मऊ झाली की कागद तिच्यात रुततो. मेडिकलमध्ये मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या, काडी बुडवून चांगली निथळू द्या आणि फक्त कागद ओला करा. मिनिटभराने कागदाचा लगदा होतो, तो बोटाने गोल गोल फिरवत निघतो. लगेच कोरड्या सुती फडक्याने टिपा. एकाच वेळी रुपयाएवढी जागा, त्याहून जास्त नाही. पाणी रेंगाळलं तर लाख पांढुरकी पडते. हलका पांढरेपणा बहुतेक वेळा वाळल्यावर जातो. छापील अक्षरं उमटलेली राहिली तर राहू द्या. धुळीसाठीही हीच ओलसर काडी, घासत नव्हे, लोळवत.

झाकणांचं मात्र नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, तेही सगळीकडे सारखं नाही: गाभ्यापासून सालीकडे जितकं, त्याच्या साधारण दुप्पट वार्षिक वलयांच्या दिशेने. म्हणून कातलेला गोल डबा वर्षांनी किंचित लंबगोल होतो. झाकण डब्यावर अलगद ठेवून हळूहळू फिरवा, एका जागी ते आपसूक बसतं. तिथे आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी, पेन्सिलची बारीक खूण करा. तरीही बसलं नाही तर ती पावसाळी हवेची फूग आहे. कानस लावलीत तर हिवाळ्यात झाकण खुळखुळेल. दिवाळीनंतर पुन्हा बघा.

खुंट्याला सरस (कातडी-हाडांपासून बनणारा सुतारी डिंक) लावा, फेव्हिकॉल नाही. फेव्हिकॉलचा सांधा पुढे सोडवता येत नाही आणि त्याच्या थरावर दुसरा डिंक धरत नाही. सरसाचे दाणे एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवा. सकाळी वाटी गरम पाण्यात धरून पातळ करा, ६० अंशांच्या आसपास. उकळलात तर सरसाचा जोर जातो. जुना डिंक खरवडून काढा, दोन्ही तोंडं किंचित कोमट करा, जोडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून २४ तास ठेवा.

टवके भरायलाच हवेत असं नाही. लहान असतील तर तसेच राहू द्या. भरायचेच असतील तर त्याच छटेची लाखेची कांडी खरादीकडून आणा. संखेडा तुमच्यापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे, तिथे लाखकामाची मोठी परंपरा आहे. गरम केलेल्या जुन्या चमच्याच्या टोकाने लाखेचा थेंब खड्ड्यात सोडा, गार झाल्यावर उंचवटा नव्या ब्लेडने तासा. शेजारच्या जुन्या लाखेला गरम चमचा लागू देऊ नका. हरवलेली वाटी किंवा लाटणं तिथूनच कातून घ्या आणि बुडाशी वर्ष लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला जुनं-नवं कळेल.

शेवटी मेण: मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग, गरम पाण्याच्या भांड्यावर विरघळवून, ज्योतीपासून लांब. आधी बुडाशी लावून बघा, मग फडक्यावर हरभऱ्याएवढं घेऊन पुसा. खोबरेल नको, त्यावर धूळ बसते आणि वास येतो. चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची शुद्ध केलेली लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून कुंचल्याने मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जुनी लाख त्यात सुटते आणि लालचे ओघळ पिवळ्यावर उतरतात.

कीड आहे का, हे भांडी दोन आठवडे काळ्या कागदावर ठेवून बघा. भोकांखाली ताजा भुसा पडला तर तो नग वेगळ्या डब्यात ठेवा आणि सयाजीराव विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी विभागात विचारा.

यंदा गौरीसाठी फक्त कागद आणि धूळ काढा. सरस, लाख, मेण हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करा, म्हणजे चैत्रगौरीच्या आराशीला भातुकली तयार असेल. मांडताना समई आणि फोकस लाइटपासून हातभर लांब ठेवा.