रेंज गेली की आधी काय बघायचं?

प्रश्न : परवा दुपारी माझ्या फोनची रेंज गेली ती दोन तास आलीच नाही. मुलगा म्हणतो, सिम स्वॅप असेल. घाबरावं का?

आधी घरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला रेंज आहे का ते बघा. त्यालाही नसेल तर टॉवर बिघडलाय, चहा प्या. फक्त तुमचीच गेली असेल आणि फोन बंद-चालू करूनही आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून कस्टमर केअरला एवढंच विचारा : 'माझ्या नंबरवर नवीन सिम दिलंय का?' 'हो' म्हणाले तर लगेच बँकेला फोन करून खातं गोठवायला सांगा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. क्रम उलटा करू नका.

सिम स्वॅपमध्ये चोर तुमच्या फोनला हातही लावत नाही. तुमच्या नावाची कागदपत्रं दाखवून तो डुप्लिकेट सिम काढतो. ते सुरू झालं की तुमचं मरतं आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. म्हणूनच आपल्याकडे सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम झाला. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्टही करता, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता, येत नाही. पण काही अ‍ॅप कोड फोन करूनही सांगतात, तेव्हा २४ तास आहेत म्हणून निवांत राहू नका.

प्रश्न : सेटिंगमध्ये 'अलाऊ टूजी' असं बटण दिसलं. बंद केलं तर काही बिघडेल का?

शहरात राहत असाल तर खुशाल बंद करा. टूजी म्हणजे मोबाइल नेटवर्कची जुनी, दुसरी पिढी; तिची घडण १९८० च्या दशकातली. त्यात टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोन टॉवरची तपासत नाही. दारात गणवेश घालून उभा राहील त्याला पोस्टमन समजायचं, तसला कारभार! गाडीत खोटा टॉवर घेऊन फिरणारे लोक आसपासचे फोन टूजीवर ओढतात आणि बँकेच्या नावाने एसएमएस सोडतात. थ्रीजीपासून पुढे ओळख दोन्ही बाजूंनी तपासली जाते.

जिओला टूजी नाहीच, त्यामुळे जिओवाल्यांचं काही जात नाही. इतरांनी घाटात किंवा आडगावी जाताना बटण पुन्हा चालू करावं, नाहीतर कॉलच लागायचा नाही. हे बटण अँड्रॉइड १२ पासून आलं, पण सगळ्याच फोनमध्ये दिसत नाही.

प्रश्न : फाइव्हजी फोन घेतला म्हणजे ओटीपी सुरक्षित झाला ना?

नाही. मोबाइल कंपन्या कॉल-एसएमएस पोचवायला आपसात निरोप देतात त्यासाठी एसएस७ नावाची १९७० च्या दशकातली यंत्रणा अजून चालू आहे. तिथे आलेल्या निरोपावर विश्वास ठेवायचा, अशीच रीत होती. २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने ओटीपी वळवून खाती रिकामी केल्याचं उघड झालं. ईमेलसाठी तरी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनमध्येच कोड तयार करणारं) किंवा पासकी (फोनच्या लॉकनेच लॉगिन) वापरा.

प्रश्न : मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. तिच्या फोनलाच मॉनिटर जोडून भागेल का?

फोनची ताकद पुरते, अडतं ते तोंडाशी. पुष्कळ स्वस्त फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग आणि फाइली जातात, चित्र बाहेर येत नाही. फोनच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधा. सॅमसंगच्या वरच्या फोनमध्ये २०१७ पासून डेक्स आहे : मॉनिटर, कीबोर्ड, माउस जोडला की संगणकासारख्या खिडक्या उघडतात. कल्पना जुनीच. मोटोरोलाने २०११ मध्ये अ‍ॅट्रिक्स आणला, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५०. दोन्ही चालले नाहीत, कारण मोठ्या पडद्यावर करायचं काम करणारी अ‍ॅपच नव्हती.

ती अडचण आजही निम्मी उरलीय. मुलगी कला किंवा वाणिज्य शाखेत असेल, निबंध, सादरीकरण आणि साधी एक्सेल एवढंच काम असेल, तर भागतं. टॅली, ऑटोकॅड किंवा एक्सेलचे मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) लागणार असतील तर लॅपटॉपच घ्या. आणि मराठीवाल्यांची खास गंमत : श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली जुनी फाइल फोनवर उघडलीत तर 'मराठी' नव्हे, भलतीच चिन्हं दिसतील.

एक धोका मात्र वाढतो. फोन चोरीला गेला की संगणकही गेला. स्क्रीन लॉक सिमला राखत नाही. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी सुखाने वाचतो. म्हणून सेटिंगमधून सिम पिन, म्हणजे सिमचं स्वतःचं कुलूप, लावा. कंपनीने दिलेला मूळ पिन आधी विचारून घ्या, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडणाऱ्या पीयूके कोडसाठी कस्टमर केअरच्या दारात उभं राहावं लागतं.