संगणक आणि आपण : गड्ड्याच्या गर्दीत भावाचं पान का अडकतं?

प्रश्न : चाटी गल्लीत आमचं चादरी आणि टॉवेलचं दुकान आहे. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी मी पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून ऑर्डरची साइट केली आहे. एरवी ती बरी चालते, पण गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सगळे एकदमच भाव बघायला येतात आणि पान उघडता उघडत नाही. मित्र म्हणतो, रेडिस टाक. १ जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर आहे. टाकू का? आणि सुरुवात कुठून करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : टाका, पण आज नको. आज मायएसक्यूएलची स्लो क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या रेंगाळणाऱ्या प्रश्नांची (क्वेरींची) नोंद, चालू करा आणि कोणती क्वेरी रेंगाळते ते बघा. तिच्यापुढे ‘एक्सप्लेन’ लावून चालवलीत की डिझाइनच्या एका कोडसाठी तो अख्खं टेबल चाळतोय का, हे कळतं. चाळत असेल तर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, टाका आणि मला पुन्हा पत्र लिहू नका, काम झालं. अशी बरीच पत्रं इथंच मिटतात. मुळात सुस्त असलेल्या क्वेरीवर कॅश, म्हणजे रेडिससारखी हाताशी ठेवलेली तात्पुरती प्रत, घातली तर दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. आणि ते उघडं पडतं नेमकं यात्रेच्याच दिवशी.

इंडेक्स टाकूनही गर्दी झेपत नसेल, तर मग रेडिस. साल्वातोरे सान्फिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रामरने ते २००९ मध्ये लिहिलं. साइटला भेट देणाऱ्यांची तत्काळ नोंद ठेवणारी त्याची सेवा मायएसक्यूएलवर धापा टाकत होती. म्हणजे भांडण तुमचंच. त्याने माहिती डिस्कऐवजी रॅममध्ये ठेवली : एक नाव, म्हणजे की, आणि त्या नावाखाली किंमत (व्हॅल्यू, म्हणजे ठेवलेली माहिती; मालाचा भावच असं नाही). नाव सांगा, किंमत घ्या.

तुमच्यासाठी रेडिस म्हणजे गल्ल्याजवळ चिकटवलेली भावाची चिठ्ठी. खरा भाव वहीत, म्हणजे मायएसक्यूएलमध्येच. चिठ्ठी उडून गेली तर वही उघडायला दोन मिनिटं जास्त लागतील, पण दुकान बंद पडता कामा नये. पुढचं सगळं याच धोरणाने करायचं.

उबुंटू लिनक्सवर ‘रेडिस-सर्व्हर’ नावाचं पॅकेज ‘ॲप्ट’ या आज्ञेने बसतं. घरच्या लॅपटॉपवर विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायच्या सोयीत, उबुंटू घेऊन तिथं शिका. रेडिसला आज्ञा टाइप करून द्यायचा प्रोग्राम ‘रेडिस-सीएलआय’ उघडून ‘पिंग’ म्हणा, ‘पाँग’ असं उत्तर आलं की जागं आहे. (आज्ञा टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे, इथं छपाईपुरती देवनागरी.) मग हे करून बघा :

सेट भाव:टी१०४ ८५० ईएक्स ३००
गेट भाव:टी१०४
टीटीएल भाव:टी१०४

पहिल्या ओळीने टी१०४ या डिझाइनचा भाव ३०० सेकंदांसाठी ठेवला, दुसरीने परत मागितला, तिसरी किती सेकंद उरले ते सांगते. टीटीएलचं उत्तर उणे २ आलं तर की संपली. उणे १ आलं तर तिला मुदतच नाही, म्हणजे तुम्ही ईएक्स विसरलात. कॅशमध्ये उणे १ दिसलं की मी आधी कोड उघडायला लावते.

कीचं नाव मराठीत चालतं का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. चालतं. रेडिसला फक्त बाइट कळतात, लिपीशी देणंघेणं नाही. पण पडद्यावर अक्षरांऐवजी उलट्या तिरक्या रेघांची माळ दिसेल, ती घालवायला रेडिस-सीएलआय ‘रॉ’ पर्यायासह उघडावं लागतं. ‘चादर’ एवढ्या शब्दाची लांबी ‘स्ट्रलेन’ १२ सांगतो, कारण देवनागरीतली प्रत्येक खूण, कानासुद्धा, तीन बाइट खाते. किंमत मराठीत ठेवा, की मात्र डिझाइनच्या कोडवरच बेता.

आता पीएचपी. पान मागितलं गेलं की आधी रेडिसला विचारा. मिळालं तर तेच दाखवा. नाही मिळालं तर मायएसक्यूएलमधून काढा, मुदत घालून रेडिसमध्ये ठेवा आणि मग दाखवा. भाव बदलायच्या पानात मायएसक्यूएलची नोंद झाल्याबरोबर ती की ‘डेल’ने उडवा. मुदत आहे म्हणून हे टाळू नका. पाच मिनिटं जुना भाव दिसला तर व्यापारी तोच भाव धरून बसतो, आणि फोन तुमच्या वडिलांना येतो.

चादरींची यादी, फोटोंचे पत्ते, भावाचं पान एवढंच कॅशमध्ये. ऑर्डर पक्की करतानाचा भाव आणि शिल्लक माल दर वेळी मायएसक्यूएललाच विचारायचा, तिथं चिठ्ठी चालत नाही. लॉगिनची सेशनं, म्हणजे कोण आत आलंय याच्या नोंदी, त्याच रेडिसमध्ये टाकायचा मोह होईल, तोही आवरा. कारण पुढे येतंय.

तुमच्या सर्व्हरवर मेमरी १ जीबी आणि त्यात मायएसक्यूएलही राहतो. ६४ बिट मशीनवर रेडिस स्वतःहून मेमरीला मर्यादा घालत नाही. भरत गेलं की शेवटी लिनक्स एखाद्या प्रोसेसचा गळा धरतो, आणि तो मायएसक्यूएलचाही असू शकतो. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅक्समेमरी’ १०० एमबी ठेवा, तुमच्या यादीला ती भरपूर झाली. शेजारी ‘मॅक्समेमरी-पॉलिसी’ म्हणून ओळ असते. तिचं मूळ धोरण ‘नोएव्हिक्शन’, म्हणजे मर्यादा गाठली की नवीन लिहायला नकार. कॅशला ‘ऑलकीज-एलआरयू’ हवं : बराच काळ कुणी न विचारलेल्या की अंदाजाने निवडून काढल्या जातात. सेशनं त्यातच असतील तर एखादा व्यापारी ऑर्डर भरता भरता बाहेर फेकला जाईल. म्हणून नको म्हटलं.

रेडिसचं पोर्ट ६३७९. ते फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून, ऐकू द्या. उघडी रेडिस शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर कायम असतात आणि घुसले की तुमच्या खर्चाने कूटचलन खणत बसतात. चालत्या सर्व्हरवर ‘कीज’ला तारा (*) लावून सगळी नावं मागू नका, आज्ञा एकेक करून चालतात, त्यामुळे तेवढा वेळ बाकीचे सगळे रांगेत. ‘स्कॅन’ वापरा.

शेवटी रेडिस मुद्दाम बंद करून साइट उघडा. पान हळू का होईना, दिसलं पाहिजे. पांढरं पान किंवा एरर आली तर पीएचपीत रेडिसच्या जोडणीला छोटा टाइमआउट द्या आणि जोडणी फसली की सरळ मायएसक्यूएलकडे जा. ही चाचणी संक्रांतीच्या आधी करा, यात्रेत नको.

प्रश्न : रेडिस आता मोफत नाही असं ऐकलं. शिकायला व्हाल्की घेऊ का? – अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मार्च २०२४ मध्ये रेडिसने जुना बीएसडी हा मुक्त परवाना सोडला. त्यावर काही जणांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली रेडिसच्याच कोडपासून व्हाल्की ही वेगळी फांदी काढली, ती बीएसडीवरच आहे. २०२५ मध्ये रेडिस ८ पासून एजीपीएल हा मुक्त परवानाही उपलब्ध झाला. शिकण्यापुरतं कुठलंही घ्या, वर दिलेल्या आज्ञा दोन्हीकडे त्याच.

प्रश्न : वीज गेली तर रेडिसमधलं सगळं जातं का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : सगळं जातंच असं नाही. रेडिस अधूनमधून डिस्कवर छायाप्रत काढतं, तिला आरडीबी म्हणतात. एओएफ चालू केलं तर प्रत्येक बदल लिहून ठेवतं, आणि ‘एव्हरीसेक’ असेल तर साधारण शेवटच्या सेकंदापुरतंच नुकसान. पण निव्वळ कॅश असेल तर दोन्ही बंद करा : ‘सेव्ह’पुढे रिकामं अवतरणचिन्ह, ‘अपेंडओन्ली’पुढे ‘नो’. डिस्कची मेहनत वाचेल.