मंगळावरची महादरी नदीने कोरली का?

प्रश्न : ब्रह्मगिरीच्या परिसरात फिरताना पाणी कातळ कसे कापत जाते, हे डोळ्यांनी पाहता येते. मंगळावरील व्हॅलेस मरिनेरिस ही दरीसुद्धा एखाद्या मोठ्या नदीने कोरली असावी, असे माझे विद्यार्थी म्हणतात. त्यांना काय सांगावे?
– एक भूगोल शिक्षिका, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांचा तर्क स्वाभाविक आहे, पण ही दरी मुख्यतः नदीने कोरलेली नाही. मरिनर ९ हे यान १४ नोव्हेंबर १९७१ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले, तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळाखाली झाकलेला होता; धूळ खाली बसल्यावर ही दरी छायाचित्रांत स्पष्ट झाली आणि त्या यानावरूनच तिला नाव मिळाले. तिची लांबी सुमारे ४,००० किलोमीटर असून काही ठिकाणी खोली ७ किलोमीटरपर्यंत जाते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली अशी चार शिखरे एकावर एक रचली तरी माथा दरीच्या काठाखालीच राहील.

दरीच्या पश्चिमेला थार्सिस हा ज्वालामुखींचा अवाढव्य फुगवटा आहे. तो वाढत असताना आसपासच्या भूकवचावर ताण आला, कवच चिरले आणि समांतर भेगांमधला भाग खाली बसला. शालेय पुस्तकांत ज्याला खचदरी म्हणतात, तोच हा प्रकार. पुढे काठ ढासळत गेले आणि दरी रुंदावली. काही दरडींचा राडारोडा तर तळावर पन्नास किलोमीटरहूनही दूर पसरलेला दिसतो.

वर्गात दाखवण्याजोगा पुरावा हवा असेल, तर मुख्य दरीच्या उत्तरेची हेबीस ही दरी दाखवावी. ती तीनशेच्या आसपास किलोमीटर लांब आणि कित्येक किलोमीटर खोल आहे, मात्र चारही बाजूंनी बंद आहे: तिच्यात नदी शिरल्याची खूण नाही आणि बाहेर पडायला वाटही नाही. वाहत्या पाण्याने एवढा खडक कोरला असता, तर तो वाहून नेण्यासाठी कोठेतरी तोंड असायला हवे होते. नदीचा तर्क येथे अडतो, आणि विद्यार्थ्यांना तो स्वतःच अडवू द्यावा, हे उत्तम.

तरीही पाण्याचा हात नाकारता येत नाही. मार्स एक्स्प्रेस यानाला या दऱ्यांतील थरांमध्ये सल्फेट खनिजे आढळली असून ती तयार होताना पाणी लागते. दरीच्या पूर्व टोकाकडून निघालेले महापुरांचे प्रचंड प्रवाहमार्ग क्रायसी या मैदानाकडे जातात. व्हायकिंग १ हे यान २० जुलै १९७६ रोजी त्याच मैदानात उतरले होते. थोडक्यात, भेग आधी पडली आणि पाणी नंतर आले.

प्रश्न : छायाचित्र पाहून पाण्याने कोरलेली दरी आणि खचलेली दरी यांतला फरक कसा ओळखावा?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : प्रथम उपनद्या शोधाव्यात. निर्गल या मंगळावरील दरीला आखूड फाटे येऊन मिळतात आणि ती नागमोडी वळणे घेत जाते. खचदरीच्या कडा मात्र दूरवर सरळ आणि एकमेकींना समांतर धावतात. पुराने कोरलेल्या मार्गात अडथळ्यांच्या मागे थेंबाच्या आकाराची बेटे उरतात, आणि ती एकदा ओळखीची झाली की पुढे चुकत नाहीत.

यापूर्वी एक पथ्य पाळावे: चित्रात उजेड कोणत्या बाजूने आला आहे, हे आधी पाहावे, अन्यथा विवर टेकडीसारखे आणि टेकडी विवरासारखी भासते. त्रिमितीय चित्रांत उंची मुद्दाम वाढवून दाखवण्याची प्रथा आहे आणि ती कितीपट वाढवली, हे चित्राखाली बहुधा लिहिलेले असते. ते न वाचता इंटरनेटवरच्या चित्रांवरून कडे किती उभे आहेत हे ठरवू नये. प्रत्यक्षात या भिंती बऱ्याच ठिकाणी उतरत्या आहेत. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या हायराइज कॅमेऱ्याची छायाचित्रे सर्वांना विनामूल्य पाहता येतात. त्यांत टेबलाएवढा दगडही दिसतो. मात्र सुरुवात अशा बारकाव्यापासून न करता उंचसखलपणाच्या रंगीत नकाशापासून करावी, कारण जवळून पाहताना आपण दरीच्या काठावर आहोत की तळाशी, हेच कळेनासे होते.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या परिसरातून घरच्या दुर्बिणीने ही दरी दिसेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दरी म्हणून दिसणार नाही. इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्किआपरेल्लीने १८७७ मध्ये मंगळावर नोंदवलेल्या बहुतेक रेषा दृष्टिभ्रम ठरल्या; त्याच्या नकाशातील ॲगाथोडेमन ही रेषा मात्र या दरीच्या एका भागाशी जुळते. घरच्या दुर्बिणीतून, हवा स्थिर असेल तर, ध्रुवावरचा पांढरा ठिपका आणि काही गडद पट्टे दिसू शकतात. त्यासाठी मंगळ पृथ्वीच्या जवळ असायला हवा. असा योग सुमारे २६ महिन्यांनी येतो. १६ जानेवारी २०२५ नंतरचा योग १९ फेब्रुवारी २०२७ चा आहे.